औषधाची चिठ्ठी आणि मदतीचा अर्ज

[पाठपरिचय : आजारावर औषध असते, पण ते विकत घेण्याची ऐपत नसते, अशी वेळ अनेक कुटुंबांवर येते. बुरशीमुळे होणाऱ्या आजारांत ही अडचण विशेष जाणवते, कारण त्यांची औषधे पुष्कळ दिवस घ्यावी लागतात. अशा वेळी मदत कोठे मिळते, ती कशी मागावी आणि त्यासाठी मराठीत अर्ज कसा लिहावा, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.]

पावसाळ्यात पाव दोन-तीन दिवस तसाच राहिला, तर त्याच्यावर हिरवी-काळी लव दिसू लागते. कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या चपलेवर, ओल्या भिंतीवर, लोणच्याच्या बरणीतही अशी लव धरते. हीच बुरशी. बुरशीचे अतिशय बारीक बीजाणू हवेत सगळीकडे असतात. आपण रोज ते श्वासाबरोबर आत घेतो. आपले शरीर निरोगी असेल, तर बहुधा काही बिघडत नाही.

परंतु काही बुरशी माणसाला त्रास देतात. अंगावर गोल, लालसर, खाजणारा चट्टा उठतो. त्याला आपण नायटा किंवा गजकर्ण म्हणतो. दाटीवाटीच्या वस्तीत, घामट हवेत तो एकापासून दुसऱ्याला होतो. काही बुरशी मात्र शरीराच्या आत शिरतात. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे, मधुमेह ताब्यात नाही, कर्करोगाचे उपचार चालू आहेत, किंवा ज्यांच्या फुप्फुसांना पूर्वी क्षयरोगाने इजा झाली आहे, अशा माणसांना या बुरशीचा धोका अधिक असतो.

विद्यार्थी मित्रांनो, या आजारांवर औषधे आहेत. ती कशी सापडली, हे आधी थोडक्यात पाहू.

एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन अमेरिकन संशोधिका होत्या. एक न्यूयॉर्क शहरात काम करत होती, तर दुसरी ऑल्बनी या गावी. हेझनबाई ठिकठिकाणची माती तपासून तिच्यातील सूक्ष्म जीव वेगळे करत आणि टपालाने ब्राउनबाईंकडे पाठवत. ब्राउनबाई त्यांतून उपयोगी द्रव्य वेगळे काढत आणि ते टपालानेच परत पाठवत. अशा रीतीने काम करून त्यांनी १९५० साली ‘निस्टॅटिन’ हे बुरशीविरोधी औषध जगापुढे मांडले. या औषधाच्या हक्कापोटी पुढे सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर मिळाले. त्या दोघींनी त्यातील काहीही स्वतःसाठी घेतले नाही. सर्व रक्कम त्यांनी विज्ञानाच्या संशोधनासाठी दिली.

आपल्या महाराष्ट्रातही असे काम झाले आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला. तेथील शास्त्रज्ञ डॉ. थिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी यांनी पिंपरीच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्म जीवापासून ‘हॅमायसिन’ हे बुरशीविरोधी औषध तयार केले. त्या सूक्ष्म जीवाच्या शास्त्रीय नावात ‘पिंपरी’ हे नाव कायमचे राहिले आहे.

अशा प्रकारे पायाखालच्या मातीतून औषधे मिळाली. तरीही गरीब रुग्णाच्या हाती ती सहज पडत नाहीत. याची दोन कारणे आहेत. पहिले कारण म्हणजे काही औषधांची किंमत फार असते. दुसरे कारण असे, की बुरशी हळूहळू मरते. साध्या नायट्यालाही काही आठवडे औषध लागते. फुप्फुसातील बुरशीला सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. दिवसाचा खर्च थोडा दिसला, तरी महिन्यांचा खर्च मोठा होतो.

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत याचा अनुभव साऱ्या महाराष्ट्राने घेतला. कोरोनातून उठलेल्या अनेक रुग्णांना, विशेषतः मधुमेह असलेल्यांना, ‘म्युकरमायकोसिस’ हा आजार झाला. लोक त्याला ‘काळी बुरशी’ म्हणू लागले. चेहरा सुजणे, नाक चोंदणे, डोळा दुखणे अशी त्याची लक्षणे होती. वेळेवर उपचार न झाल्यास डोळा गमवावा लागे, प्राणही जात. त्यावरचे मुख्य औषध म्हणजे ‘ॲम्फोटेरिसिन बी’ हे इंजेक्शन.

आता थोडे गणित करू. या इंजेक्शनचा एक प्रकार वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅम या प्रमाणात देतात. रुग्णाचे वजन ६० किलो असेल, तर दिवसाला ३०० मिलिग्रॅम औषध लागते. एका कुपीत ५० मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे दिवसाला ६ कुप्या झाल्या. तीन आठवड्यांत १२६ कुप्या लागल्या. एक कुपी ५,००० रुपयांना धरली, तर ६ लाख ३० हजार रुपये होतात. रोजंदारी करणाऱ्या माणसाने एवढी रक्कम कोठून आणावी?

अशा वेळी शासनाने पुढे होणे आवश्यक होते. मे २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने या आजाराचा उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत घेतला आणि त्यासाठी लागणारी महाग औषधेही योजनेच्या रुग्णालयांत मोफत देण्याचे ठरवले. त्याच महिन्यात वर्धा येथील एका कारखान्यातही हे इंजेक्शन तयार होऊ लागले. जून २०२१ मध्ये या औषधावरील कर काही महिन्यांसाठी माफ करण्यात आला. ही मदत अनेकांच्या उपयोगी पडली. मात्र ज्यांना योजनेची माहिती नव्हती, त्यांनी दागिने मोडले, कर्जे काढली. मदत असूनही ती ठाऊक नसेल, तर तिचा उपयोग होत नाही, हे त्या वर्षी स्पष्ट दिसले.

ती साथ ओसरली, परंतु बुरशीचे आजार संपले नाहीत. म्हणून आपण आपल्याच शहरातील एका भागाचे उदाहरण घेऊ.

लोअर परळ हा पूर्वी गिरण्यांचा भाग होता. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. पुढे एकेक गिरणी बंद पडली. आज त्या जागी उंच इमारती, कचेऱ्या आणि मॉल उभे आहेत. त्यांच्या सावलीत जुन्या चाळीही आहेत. तेथे शिंपी, पहारेकरी, हमाल, घरकाम करणाऱ्या बाया राहतात. येथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर परळची मोठी रुग्णालये आहेत. के.ई.एम. रुग्णालय १९२६ साली, वाडिया बाल रुग्णालय १९२९ साली आणि टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येथे येतात.

समजा, लोअर परळच्या एका चाळीत नववीत शिकणारी एक मुलगी राहते. तिचे अब्बा शिवणकाम करतात. काही वर्षांपूर्वी त्यांना क्षयरोग झाला होता. औषधे पूर्ण घेतल्याने तो बरा झाला. आता मात्र पुन्हा खोकला सुरू झाला आहे. थुंकीतून रक्तही पडते. घरात सगळ्यांना वाटते, की क्षय उलटला. पालिकेच्या रुग्णालयात तपासणी केल्यावर डॉक्टर सांगतात, “हा क्षय नाही. क्षयामुळे फुप्फुसात जी पोकळी राहिली आहे, तिच्यात बुरशी वाढली आहे. निदान सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतील.”

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. क्षयाची औषधे शासनाच्या कार्यक्रमात मोफत मिळतात. या बुरशीचे औषध मात्र त्या कार्यक्रमात येत नाही. रुग्णालयाच्या औषधखिडकीवर ते नसेल, तर बाहेरून आणावे लागते. औषधाच्या दुकानातला भाव ऐकून अब्बा म्हणतात, “पंधरा दिवसांच्या गोळ्या घेऊ. बरे वाटले, की बंद करू.”

हाच धोका आहे. औषध मध्येच सोडले, तर बुरशी पुन्हा वाढते. काही वेळा तेच औषध पुढे तिच्यावर चालेनासे होते. झालेला खर्च वाया जातो आणि आजार वाढतो. नायट्याच्या बाबतीतही असेच घडते. डॉक्टरांकडे जाण्याचे पैसे वाचवायचे म्हणून लोक दुकानातून कोणतेही मलम आणतात. त्या मलमात स्टिरॉइड असेल, तर खाज तात्पुरती थांबते, पण नायटा पसरतच राहतो.

मग त्या मुलीने काय करावे? मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. तेथे वैद्यकीय समाजसेवक बसतात. रुग्णाची आर्थिक अडचण समजून घेणे आणि मदत मिळवून देणे, हेच त्यांचे काम असते. ती मुलगी अम्मीला घेऊन तेथे जाते.

“अब्बांचा केसपेपर आणलास का, बाळ?” मॅडम विचारतात.

“हो मॅडम. आणि ही औषधाची चिठ्ठी.”

“घरात कमावणारे किती जण आहेत?”

“एकटे अब्बाच. अम्मी घरी साड्यांना फॉल-बिडिंग करते.”

“रेशन कार्ड कोणते आहे?”

“केशरी आहे, मॅडम.” मुलगी जरा थांबून म्हणते, “पण अब्बा म्हणतात, मी खैरात घेणार नाही.”

“अब्बांना माझा सलाम सांग आणि म्हणावे, ही खैरात नाही. ते या शहरात वर्षानुवर्षे कष्ट करताहेत. हे रुग्णालय लोकांच्या करातून चालते आणि गरीब रुग्णांचा निधी लोकांनी याच कामासाठी दिला आहे. ज्याला गरज आहे त्याने तो मागितला नाही, तर तो ठेवायचा कशासाठी? तुला मराठी लिहिता येते ना?”

“येते, मॅडम.”

“मग अर्ज तूच लिही.”

मुलगी घरी बसून अर्ज लिहिते. तो असा :

दिनांक : .................

प्रति,
मा. वैद्यकीय समाजसेवक,
समाजसेवा विभाग,
............ रुग्णालय, परळ, मुंबई.

विषय : औषधाच्या खर्चासाठी आर्थिक मदत मिळण्याबाबत.

महोदया,

माझे वडील श्री. अ. ब. क. हे आपल्या रुग्णालयात उपचार घेत आहेत. त्यांच्या फुप्फुसात बुरशीचा आजार झाला असून डॉक्टरांनी सहा महिने गोळ्या घेण्यास सांगितले आहे. या गोळ्या रुग्णालयात उपलब्ध नसल्याने बाहेरून विकत घ्याव्या लागतात.

माझे वडील शिवणकाम करतात. आजारामुळे त्यांचे काम निम्म्यावर आले आहे. आमच्या कुटुंबात पाच माणसे आहेत. हा खर्च आम्हांला झेपत नाही. औषध मध्येच बंद पडल्यास आजार वाढेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

तरी औषधाच्या खर्चासाठी मदत मंजूर करावी, ही नम्र विनंती. आवश्यक कागदपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,
(सही)

सोबत : १) केसपेपर २) औषधाची चिठ्ठी ३) खर्चाचे अंदाजपत्रक ४) शिधापत्रिका ५) आधार कार्ड ६) उत्पन्नाचा दाखला

हा अर्ज नीट पाहा. त्यात रडगाणे नाही आणि खोटेही काही नाही. आजार कोणता, औषध किती दिवस, घरची स्थिती कशी आणि मागणी काय, हे चार मुद्दे आहेत. अर्ज वाचणाऱ्याला यापेक्षा अधिक काही लागत नाही. अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी आणि तिच्यावर पोहोच घ्यावी.

मदतीची आणखीही काही ठिकाणे आहेत. ती आपण क्रमाने पाहू.

१) स्वस्त औषध : एकच औषध निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात आणि त्यांच्या किमतींत फरक असतो. जनऔषधी केंद्रात औषधे मूळ नावाने कमी किमतीत मिळतात. मात्र औषध बदलण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

२) महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना : ही योजना २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत मुंबईही होती. २०१७ साली तिला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. पूर्वी एका कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळत. पुढे ही मर्यादा ५ लाख रुपये करण्यात आली. योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. योजनेच्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतो. दाखल होताच त्याला भेटावे.

३) धर्मादाय रुग्णालये : विश्वस्त संस्थांच्या मोठ्या रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी १० टक्के खाटा सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने यासाठी योजना ठरवून दिली आहे. अशा रुग्णालयाने दाद दिली नाही, तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांचे कार्यालय लोअर परळपासून जवळच, वरळीला आहे.

४) कामगार विमा : घरातील कोणाच्या पगारातून राज्य कामगार विम्याचा हप्ता कापला जात असेल, तर त्या कुटुंबाला विमा रुग्णालयात उपचार मिळतात. परळला या योजनेचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय आहे.

५) इतर निधी : गंभीर आजारासाठी मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. मंजूर झालेली रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जमा होते. अनेक धर्मादाय संस्थाही मदत देतात. प्रभादेवीचा श्री सिद्धिविनायक मंदिर न्यास गरजू रुग्णांना साहाय्य करतो. जकातीच्या रकमेतून उपचारांना मदत करणाऱ्या संस्थाही मुंबईत आहेत.

या कोणत्याही अर्जासाठी दलालाला पैसे देण्याची गरज नसते. “साहेबांना सांगून काम करून देतो” असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. उत्पन्नाचा दाखला मिळायला काही दिवस लागतात, म्हणून तो आधीच काढून ठेवावा. सर्व कागदपत्रांवर नावाचे स्पेलिंग व पत्ता सारखा आहे की नाही, हेही पाहावे. एखाद्या अक्षराच्या फरकामुळे अर्ज अडकून राहतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आईवडील उर्दू उत्तम वाचतात, पण मराठी अर्ज वाचताना अडखळतात. अशा घरात मराठी लिहू-वाचू शकणारे तुम्हीच असता. अर्जलेखन हा प्रश्न परीक्षेत ठरावीक गुणांसाठी येतो. घरी मात्र त्याच्यावर कोणाचा तरी उपचार अवलंबून असू शकतो. शिवाय या कामातले कितीतरी मराठी शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. अर्ज, मदत, दवाखाना, खर्च, शिफारस, मंजूर, हक्क हे शब्द उर्दूशी नाते सांगणारे आहेत. तेव्हा मराठी अर्जाला घाबरण्याचे कारण नाही.

चाळीत, शेजारी, नात्यात कोणी पैशांअभावी औषध थांबवले आहे असे कळले, तर त्यांच्यासोबत समाजसेवा विभागापर्यंत जा. त्यांना अर्ज लिहून द्या आणि औषधाचा क्रम पूर्ण होईपर्यंत अधूनमधून विचारपूस करा. एवढे काम नववीतला विद्यार्थीही करू शकतो.

शब्दार्थ

बीजाणू – ज्यापासून नवी बुरशी वाढते तो अतिशय बारीक कण
प्रतिकारशक्ती – रोगाशी लढण्याची शरीराची ताकद
कुपी – औषधाची लहान बाटली
ऐपत – पैसे खर्च करण्याची क्षमता
अंदाजपत्रक – होणाऱ्या खर्चाचा लेखी हिशोब
निर्धन – ज्याच्याजवळ धन नाही असा
पोहोच – अर्ज मिळाल्याची सही व शिक्का
न्यास – विश्वस्त संस्था, ट्रस्ट
दाद देणे – म्हणणे ऐकून घेऊन त्याप्रमाणे वागणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) निस्टॅटिनपासून मिळालेली रक्कम कशासाठी देण्यात आली?
(आ) हॅमायसिन हे औषध कोठे तयार झाले?
(इ) समाजसेवा विभागात कोण असतात?
(ई) धर्मादाय रुग्णालयाविरुद्ध तक्रार कोणाकडे करता येते?

प्र. २. कारणे द्या.
(अ) बुरशीच्या आजाराचा खर्च मोठा होतो.
(आ) औषध मध्येच सोडणे धोक्याचे असते.
(इ) उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) २०२१ साली शासनाने काळ्या बुरशीच्या रुग्णांसाठी काय केले?
(आ) “ही खैरात नाही,” असे मॅडम का म्हणाल्या? तुम्हांला त्यांचे म्हणणे पटते का?

प्र. ४. रुग्णाचे वजन ५० किलो आहे. पाठातील प्रमाणानुसार त्याला दोन आठवड्यांत किती कुप्या लागतील?

प्र. ५. पुढील शब्द मराठीत व उर्दूत वेगवेगळ्या अर्थांनी वापरले जातात. दोन्ही अर्थ शोधून लिहा.
दाखला, खुलासा, मजकूर

प्र. ६. तुमच्या शेजारच्या चाचींना त्वचेच्या आजारासाठी तीन महिने औषध घ्यायचे आहे. त्यांच्या वतीने रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला मदतीसाठी अर्ज लिहा.

उपक्रम : तुमच्या घराजवळचा पालिकेचा दवाखाना, जनऔषधी केंद्र आणि समाजसेवा विभाग असलेले रुग्णालय यांची नावे व वेळा मिळवा. त्यांचा तक्ता मराठी व उर्दू अशा दोन्ही भाषांत तयार करून वर्गात आणि चाळीच्या फलकावर लावा.